राईच्या खोलीत निवडलेला नऊ नंबर

कुवेतातल्या राई भागातल्या त्या खोलीत तवा आमी सहाजण असायचो. आमचे मालक, म्हंजे माझा नवरा. फुटबॉल टीमचे मास्तर, म्हंजे कोच, ते बी आमच्या कोल्हापूरचेच, राईतच एका गोडाऊनला स्टोअरकीपर होते. तेलकंपनीतले पुण्याचे साहेब, टीव्ही आमचा पण कॅसेटचं मशीन त्यांचं, ते टॉवेलात गुंडाळून गाडीतनं आणायचे. टीमचा कॅप्टन, गोव्याचा, गॅरेजात इंजिनाचं काम करायचा. हॉस्पिटलातल्या नर्सबाई, नाशिकच्या, त्यांना सगळे सिस्टर म्हणायचे. आणि मी, स्टोव्हपाशी. नावं कुणाचीच घालत न्हाई. कोण हायत, कोण गेलेत, कुणाला आवडंल, कुणाला न्हाई.

आमचे मालक कोल्हापुरात फौंड्रीत होते. फौंड्री बंद पडली. कुवेतात लढाई होऊन गेलेली, मोडक्या गाड्या रग्गड, ठोकाठोकी करणाऱ्याला मागणी होती, म्हणून ते राईतल्या एका गॅरेजात आले. पुढं मी बी आले. रिग्गईत एक मराठी डॉक्टर नवराबायको होते, त्यांच्या घरी स्वैपाकाला. दोन पोरी सासूबाईंच्या पदरात टाकल्या. धाकटी मला सोडीना, तिला दुकानात न्यायचं सांगून बाहेर नेलं आणि मी मागच्या दारानं निघाले. ते काय सांगायचं.

मी रिग्गईत, मालक राईत. तसं लांब न्हाई, पण परक्याच्या घरात ऱ्हाणाऱ्या बाईला जवळ काय आणि लांब काय. शुक्रवारी दुपारची भांडी झाली की रात्रीच्या स्वैपाकापातूर मला सुट्टी. तेवढाच आमचा संसार. सिस्टर आमच्याच बिल्डिंगीत ऱ्हायच्या, त्यांच्याबरोबर बसनं जायचं, आणि त्यांच्याबरोबरच परत.

एकदा जॅक सरकला आणि गाडी मालकांच्या उजव्या हातावर आली. सिस्टरांची आणि आमची वळख तितलीच, हॉस्पिटलातली. हात वाचला, पण दोन बोटं वाकंनात. हातोडा धरता येईना. गॅरेजचा मालक कुवेती होता, त्याला सगळे अरबाब म्हणायचे. त्याला फुटबॉलचं याड. तितं कंपन्यांतल्या हिंदुस्थानी लोकांच्या टीमा होत्या, हिवाळाभर मॅची चालायच्या, त्यात त्यानं गॅरेजची टीम घातलेली. तो मालकांना म्हणला, हातोडा ऱ्हाऊ दे, टीम बघ. मंग हे टीमचे शर्ट धुवायचे, बॉलात हवा भरायचे, वाळूच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचे. गॅरेजच्या मागची पत्र्याची खोली दिली, तितंच सामान आणि तितंच हे. शर्ट वाळत घातलेले असायचे दोरीवर, आणि त्याच्याखाली आमी दोघं जेवाय बसायचो. मला त्याचं काय वाटायचं न्हाई. नवऱ्याच्या ताटात वाढाय मिळतंय, एवढं बास.

मंग एका वर्षी टीम शेवटून दुसरी आली. अरबाब खोलीच्या दारात येऊन मोडक्या हिंदीत म्हणला, "एक लडका मंगाओ. कॉलेज का. अच्छा. व्हिसा मैं देगा, गोडाऊन में काम देगा. अगली बार आखिर नंबर, तो टीम खलास."

टीम खलास म्हंजे आमच्या मालकांचं काम खलास. सगळ्यांनी ह्यांच्या हाताकडं बगितलं आणि मंग दुसरीकडं.

तो उन्हाळा असा गेला, की कुठला पोरगा आणायचा.

मास्तरांच्या भावानं कोल्हापुरातनं येणाऱ्या एकाबरोबर कॅसेट पाठवली. कॉलेजा-कॉलेजांची मॅच. शूटिंग करणारा लग्नातला होता. बॉल गोलाकडं गेला की ह्याचा कॅमेरा पाव्हण्यांवर. प्रिन्सिपॉलसाहेबांची बायको पेढा खातीया हे आमी सगळ्यांनी कितींदा बगितलं असंल. मधल्या सुट्टीत त्यानं रीळ वाचवाय मशीनच बंद केलेलं. तरी तीच कॅसेट दर शुक्रवारी लागायची.

बाहेर ऊन असं, की दाराची कडी हातात धरवत न्हाई. आत खिडकीतला एसी गुरगुरायचा, खाली पातेलं ठेवलेलं, त्यात पाणी ठिबकायचं. मी मटण शिजवायची, खुब्बूस, म्हंजे तितली रोटी, बेकरीतनं आणलेली असायची, आणि हे सगळे टीव्हीपुढं.

पुण्याचे साहेब सुरुवात करायचे. "आधी प्रॉब्लेम काय आहे ते ठरवू. मागच्या सीझनला आपण गोल खाल्ले भरपूर. म्हणजे गोलकीपर पाहिजे. तो उंच मुलगा घ्या, विषय संपला."

मास्तर म्हणायचे, "साहेब, तुमी तेल काढा. फुटबॉल आमच्यावर सोडा."

"मग मशीन घेऊन जातो मी घरी."

"बसा वो! वैनी, साहेबांना च्या द्या आधी, तापलेत."

कॅप्टन आडवा पडूनच बोलायचा. मास्तरांना तो पात्रांव म्हणायचा, गोव्यात मालकाला म्हणतात तसं. "पात्रांव, गोलकीपर क्या करेगा? मैं पास किसको दूँ? हवा को?"

सिस्टरांचे तीन भाऊ खेळणारे, त्यांना सगळं कळायचं. त्या सात नंबरच्या पोराच्या मागं होत्या, तो डावरा होता. "सात नंबर घ्या. बॉल चिकटलाय त्याच्या पायाला."

मास्तर म्हणले, "सिस्टर, पाय बगितले का त्याचे? उदबत्तीच्या काड्या. हितल्या वाळूत रुतला तर काढाय क्रेन आणावी लागंल."

"क्रेन तुमच्या पोटाला लागेल, मास्तर. तो पळेल."

साहेब इतके हसले की त्यांच्या नाकातनं च्या आला.

मास्तरांच्या मनात नऊ नंबर होता. सगळ्यांच्याच होता म्हणा. त्या कॅसेटीत मधल्या सुट्टीनंतर नऊ नंबरचा पोरगा असा सुटतो, तीन गडी चुकवतो आणि गोल मारतो. दोन गोल त्याचे. पहिल्या हाफात दिसायचा न्हाई फारसा, मागं मागंच घुटमळायचा. साहेब म्हणायचे, अंदाज घेतोय मैदानाचा. मास्तर म्हणायचे, दम राखतोय. कॅप्टन म्हणायचा, "ये लडका शाणा है."

आता हितं आमच्या कोल्हापूरची एक गोष्ट सांगितली पायजे. आमच्याकडं फुटबॉल पेठेचा असतो. एकेका पेठेच्या तालमी, तालमीच्या टीमा. मॅच असली की त्या दिवशी पलीकडच्या पेठेत दिलेली लेक बी म्हायेरी येत न्हाई, उगं वाद नको. मास्तर आणि आमचे मालक एका पेठेचे. पोरगा दिसला की मास्तरांचा पैला सवाल, कुठल्या पेठेचा? मंग बाकीचं. तो उंच गोलकीपर पलीकडच्या पेठेचा हाय, हे भावाकडनं कळल्यावर मास्तरांनी त्याच्याकडं बगणंच सोडलं. तो टीव्हीवर आला की च्या प्यायचे.

साहेब कावायचे. "अहो मास्तर, आपण कुवेतमध्ये आहोत!"

"म्हणून काय पेठ बदलत्या काय?"

"आणि तुमचा तो नऊ नंबर? तो कुठल्या पेठेचा, विचारलंत?"

"इचारायचं काय त्यात? असा खेळ आमच्या तालमीबाहेर कुणाला जमतोय? पाय बगा की त्याचे. शंभर टक्के आमचा."

आणि इचारलं न्हाई. खरंच इचारलं न्हाई. दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसाकडनं ही चूक झाली नसती.

दर शुक्रवारी हेच. आरडाओरडा, टीव्हीवर बोट आपटणं, कॅसेट मागं, कॅसेट म्होरं. मला राग बी यायचा. आठवड्यात एक दुपार मिळती, ती सगळी ह्या चौघांची. मालकांच्या बोटांना तेल लावून द्यायचं असायचं, घरच्या फोनवर पोरी काय बोलल्या ते सांगायचं असायचं, आणि हितं सात नंबर का नऊ नंबर. पण त्यांना जा म्हणायची माझी जीभ उठली न्हाई. ते आमच्याच भाकरीचं ठरवत होते, भांडत भांडत.

शेवटाला मास्तर म्हणले, हात वर करून ठरवू. गोलकीपरला साहेब एकटे. सात नंबरला सिस्टर. नऊ नंबरला मास्तर आणि कॅप्टन. मंग सगळ्यांनी मालकांकडं बगितलं. ते कोपऱ्यात बसून बुटाला नाडी ओवत होते, डाव्या हातानं. इतके दिवस एक शब्द बोलले नव्हते.

साहेब म्हणले, "तुम्ही सांगा. खरं म्हणजे तुमचंच मत पहिलं घ्यायला हवं होतं."

मालक म्हणले, "नऊच घ्या. गोल मारलं न्हाई तर नुसतं वाचवून काय हुतंय."

साहेबांनी हात वर केला. सिस्टरांनी बी केला. माझं मत कुणी इचारलं न्हाई. इचारलं असतं तर मी बी नऊच म्हणले असते. गोल मारताना तोच दिसायचा.

मंडळी बाहेर गाडीपाशी गेली, तवा मी इचारलं, "अवो, यील का हो चांगला?"

"यील."

"आणि न्हाई जमलं तर?"

"तर मी घरी. तू काय करायचं ते बघू." असं म्हणून त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी घेतली. "पण जमंल. आला की आपले शुक्रवार ऱ्हातील अजून."

त्यांच्या तोंडनं असलं काही मी कवा ऐकलं नव्हतं. मी पातेल्यातलं पाणी बाहेर टाकून आले.

मास्तरांनी भावाला फोन केला, नऊ नंबरचे कागद पाठव. भाऊ तवा नोकरीला पुण्यात. त्यानं कॉलेजच्या खेळाच्या सरांना फोन केला. सरांनी वहीत बगितलं, त्या मॅचला नऊ नंबर कुणाला दिलेला, आणि त्या पोराला सांगितलं. व्हिसा निघाला. हिवाळ्याच्या तोंडाला पोरगा आला.

साहेबांबरोबर त्यांच्या गाडीतनं त्याला विमानतळावरनं आणाय मास्तर आणि कॅप्टन गेले. मला हे पुढं साहेबांनी सांगितलं. पोरगा बाहेर आला तो आडवा, बुटका, मानंला भारी. मास्तर म्हणले, परवासात सुजला असंल. गाडीत बसल्यावर मास्तरांनी पाठीवर हात ठेवून इचारलं, "कुठल्या गल्लीत रं घर तुझं?" पोरानं गल्ली सांगितली. पलीकडची पेठ. मास्तरांनी पाठीवरचा हात काढला, आणि राई येईपातूर खिडकीतनं बाहेर बगत ऱ्हायले. कॅप्टन म्हणला, "पात्रांव, कौन मर गया?"

त्या शुक्रवारी मी गेले तर टीव्ही बंदच होता. पोरगा खाटंच्या कडंला बसलेला, गुडघ्यावर हात. मला बघून उठला, पाया पडला. "काकू, मी कोल्हापूरचा."

मास्तर म्हणले, "ते आमास्नी म्हायती झालंय."

सकाळी मैदानावर त्याला पळवून बगितलेलं. पळायचा, पण टीव्हीतल्यासारखं न्हाई. साहेबांनी कॅसेट लावली. पहिला हाफ, नऊ नंबर, मागं घुटमळतोय. मंग दुसरा हाफ. सिस्टर पुढं झुकल्या.

"थांबवा, थांबवा. मागं घ्या. आता परत लावा." मंग त्या टीव्हीजवळ गेल्या. "अहो, ही दोन माणसं आहेत. पहिल्या हाफला शर्ट पोटावर ताणलाय. दुसऱ्याला बघा, खांद्यावरून लोंबतोय. इतके महिने आपण काय बघत होतो?"

पोरगा हळूच म्हणला, "पैल्या हाफला मी हाय. नऊ नंबरवाल्याचं प्रॅक्टिकल होतं, तो उशिरा आला. जिमखान्याचे शर्ट मोजकेच. सर म्हणले, तोवर तू घाल. सुट्टीत त्याला काढून दिला."

कॅप्टननं इचारलं, "और तू?"

"मी बसलो की बाहेर." तो उठला आणि टीव्हीवर बोट ठेवलं. कॅमेरा लोकांवर गेलेला, तितं पाण्याच्या पिंपाजवळ एकजण बनियनवर बसून टाळ्या वाजवत होता. "ह्यो बगा. ह्यो मी."

त्या पिंपाजवळच्या पोराला आमी किती शुक्रवार बगितलं होतं.

साहेबांनी डोक्याला हात लावला. मास्तर उठून उभं ऱ्हायले. "पेठ बी पलीकडची, आणि शर्ट बी दुसऱ्याचा! आरं, मंग तू आलास कशाला?"

"मला वाटलं बॅकला बोलावलं. मी बॅकला खेळतो. सर म्हणले, कुवेतातनं तुलाच मागितलंय." मंग तो खाली बघून म्हणला, "आईनं गल्लीत पेढे वाटले."

त्याला परत पाठवला तर दुसरा व्हिसा मिळणार न्हाई, आणि अरबाबाला सांगायचं तरी कुणी? मी मालकांच्या तोंडाकडं बगितलं. सगळ्यात जास्त जायचं होतं ते त्यांचं. ते मला म्हणले, "अगं, त्याला जेवाय वाढ आधी. सकाळधरनं पळतोय."

मी वाढलं. पोरगं इतकं भुकेलं होतं की खुब्बूस आणाय परत बेकरीत जावं लागलं. मास्तरच गेले. तोंड वाकडं करून, पण गेले.

मॅची सुरू झाल्या आणि मास्तर त्याला बाहेर बसवाय लागले. दोन मॅची हरलो. तिसरी हरलो. एका शुक्रवारी बाकीचे यायच्या आधी मालकांनी मास्तरांना धरलं. मी तितंच कांदा चिरत होते.

"मास्तर, पोराला खेळवा."

"त्या पेठेच्या पोराला मी हातानं शर्ट देऊ? माझा बाप वरनं बगत असंल."

"मंग तुमच्या बापाला माझं काम दावा. हात दावा माझा." मालकांचा आवाज चढला न्हाई. "तुमी आणि मी हितं येऊन कुठली पेठ राखाय लागलोय? आपल्याला कुणी इचारतंय का हितं, कुठल्या पेठेचा म्हणून? सगळ्यांना हे अरब एकच म्हणत्यात, हिंदी, हिंदुस्थानातला."

मास्तर माझ्याकडं वळून म्हणले, "वैनी, तुमी काय म्हणताय?"

मी म्हणलं, "मला खेळातलं कळत न्हाई. मला शुक्रवार पायजे."

ते उठले आणि च्या न पिता गेले. पुढच्या मॅचला पोरगा बॅकला होता. मास्तरांनी शर्ट हातात दिला न्हाई, खाटंवर टाकला आणि म्हणले, "घे." पोरानं घेतला.

तो उभा ऱ्हायला की त्याच्या अंगावरनं बॉल जायचा न्हाई. साहेब म्हणायचे, भिंत आहे. गोल खायचं कमी झालं. पण मारायचं कोण? कॅप्टनचे गुडघे गेलेले. बरोबरी, बरोबरी, एखादी हार. शेवटच्या मॅचला असं आलं की बरोबरी झाली तरी आमी शेवटचे न्हाई.

ती मॅच मी बगितली. जल्मात मैदानावर जाऊन बगितलेली एकच. सिस्टरांनी मला मैदानाच्या कडंला नेऊन उभं केलं. वाळू, चारी बाजूला गाड्या लावलेल्या, समुद्राकडनं गार वारं. मालकांनी सकाळी मारलेल्या चुन्याच्या रेघा वाऱ्यानं फिसकटलेल्या, ते डाव्या हातानं परत मारत होते. अरबाब खुर्चीवर. मास्तरांनी नवा शर्ट घातलेला. मला पोराचाच खेळ दिसत होता. दोनदा तो वाळूत असा लोळला की उठंल का न्हाई वाटलं. मास्तर त्याला आमच्याकडच्या शिव्या देत होते, लाडाच्या, पेठेच्या पोराला देत्यात तशा. मी सिस्टरांना म्हणलं, आता हा मास्तरांचा झाला. सिस्टरांनी माझा हात घट्ट धरलेला.

शेवटाला बॉल लांबनं आला, वाळूतल्या खड्ड्यावर उडाला आणि आमच्या गोलकीपरच्या बाजूनं आत गेला. कुणाची चूक नव्हती. वाळूवर तसा उडतो. एक गोल. तेवढंच.

पोरगा वाळूत बसला तो उठंना. मालक पाण्याची बाटली घेऊन गेले त्याच्याकडं. काय बोलले म्हायती न्हाई, मी लांब होते. दोघंबी जरा येळ तसंच बसलेले. मंग दोघंबी उठले आणि मालक रोजच्यासारखे झेंड्याच्या काठ्या काढाय लागले.

अरबाब वाईट माणूस नव्हता. त्यानं सांगितलेलं तेच केलं. टीम बंद. पोराचा व्हिसा गोडाऊनच्या कामाचा, तो ऱ्हायला. मालकांचा इकामा, म्हंजे तितं ऱ्हायचा कागद, पुढं वाढवला न्हाई.

मी बी तुमच्यासंगं येते म्हणले होते. मालक म्हणले, "थोरलीला नर्सिंगला घातलंय. सिस्टरांसारखं व्हायचं म्हणतीया. दोघं घरी बसलो तर तिचं काय?" मी म्हणलं, "मंग तुमी काय करणार तितं?" ते म्हणले, "आईकडनं भाकरी शिकतो." त्यावर आमी दोघं हसलो. त्यांच्या बॅगंत मी टीमचा एक बी शर्ट घातला न्हाई. ते नको म्हणले.

त्यानंतरच्या पैल्या शुक्रवारी भांडी झाली आणि मला जायला जागा नव्हती. मी बिल्डिंगीच्या जिन्यात बसले. सिस्टर रोजच्यासारख्या पर्स घेऊन खाली आल्या. "चला ताई. बस जाईल."

"कुठं जायचं आता?"

"राईला. आणि कुठं?"

गेलो. ती खोली आता पोराला मिळालेली. दोरीवर त्याचीच कापडं. साहेब मशीन घेऊन आलेले, कॅप्टन आडवा पडलेला, मास्तर बसलेले. पोरानं च्या केलेला, काळाकुट्ट, साखर ओतलेली. मला म्हणला, "काकू, मला मटण येत न्हाई करायला. तुमी कराल का?" मी पदर खोचला.

आणि बगा, कॅसेटी यायच्या थांबल्या न्हाईत. टीम नव्हती, मैदान नव्हतं, व्हिसा नव्हता. तरी कॉलेजची नवी मॅच आली की ती लावायची आणि भांडायचं, ह्याला घ्यावं का त्याला. साहेबांना दर वर्षी गोलकीपरच पायजे. सिस्टरांना डावरा. मास्तर म्हणायचे, "कुठल्या पेठेचा..." आणि पोराकडं बघून तितंच थांबायचे. पोरगा म्हणायचा, "इचारा की मास्तर, थांबला का?" मंग हशा. कॅप्टन आधी इचारायचा, "पहले ये बताओ, ये शर्ट इसी का है?"

अशी कितीतरी वर्षं. एकदा सगळे मिळून खैरानच्या समुद्रावर गेलो, साहेबांच्या साहेबानं बंगली दिलेली. तितं वाळूत पोरगा आणि मास्तर आमने-सामने खेळले, मास्तर पडले आणि हसत पडूनच ऱ्हायले. मला वाटलं, आता मालक असते तर रेघा मारत बसले असते. शेजारी इराकात अमेरिकेची लढाई झाली, भोंगे वाजायचे, खिडक्यांना चिकटपट्ट्या लावलेल्या, तवा बी पोरगा रिग्गईच्या जिन्यात येऊन इचारून जायचा, काकू, काय पायजे का. मंग हळूहळू पांगापांग झाली. साहेब परदेशी गेले, कॅप्टन गोव्याला. सिस्टरांची बदली लांबच्या हॉस्पिटलात. पोराचं लग्न झालं. मास्तर गेले लग्नाला, त्या पलीकडच्या पेठेत, फेटा बांधून. पुढं मी बी परत आले.

थोरली नर्स झाली. धाकटीनं मला आधी अवो-जावो केलं, पाव्हण्या बाईला करत्यात तसं. मंग हळूहळू अगं म्हणाय लागली. मालकांना भाकरी चांगली येत होती, माझ्यापेक्षा पातळ. डाव्या हातानं थापायचे. आमाला मंग सगळेच वार मिळाले, सोमवार बी, मंगळवार बी, पण थोडकी वर्षं. ते गेले. त्याआधी कवा मी त्या टीमबद्दल काढलं, तर एवढंच म्हणायचे, "पोरगा चांगला निघाला."

मी काय शिकलेली न्हाई. कुणाला शाणपणा सांगायचं माझं काम न्हाई. पण डॉक्टरीणबाईंनी मी आले त्या दिवशी एक इचारलं होतं, तुझा नवरा कवा मोकळा असतो, आणि तीच दुपार मला दिली. शेजारच्या घरात कामाला असलेल्या बाईला रविवार दिलेला आणि तिच्या नवऱ्याला शुक्रवार. एकाच गावात दोघं वर्षानुवर्षं फोनवर बोलली. म्हणून वाचणाऱ्याला एवढं मागते. तुमच्या घरात कुणी बाई कामाला असंल आणि तिचा नवरा दुसरीकडं कामाला असंल, तर त्याची सुट्टी कवा असती ते तिला इचारा, आणि तिला बी तीच द्या.